अ‍ॅन सॅवेज आणि तिची व्हेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅन सॅवेज कोण होती?

१९४३ ते १९५३ या दहा वर्षांत हॉलिवूडमध्ये तीसेक चित्रपटांत काम केलेली अभिनेत्री. त्यांतले बहुतेक तासाभराचे, कमी पैशांत आणि घाईघाईत काढलेले, आठवड्याभरात थिएटरमधून उतरणारे. तिला ना मोठा पुरस्कार मिळाला, ना मोठ्या स्टुडिओची नायिका होण्याची संधी. तरीही १९४५ सालच्या 'डीटूर' या चित्रपटातली तिची व्हेरा आज जगभरच्या चित्रपट-अभ्यासक्रमांत दाखवली जाते. त्या काळातल्या मोठमोठ्या मानधनाच्या कितीतरी नायिकांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. व्हेराला एकदा पाहिलेला माणूस तिला विसरत नाही.

खरं नाव काय? बालपण कुठे गेलं?

बर्निस मॅक्सिन लायन. जन्म १९ फेब्रुवारी १९२१, साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया शहरात. वडील अमेरिकी सैन्यात अधिकारी होते, ते ती लहान असतानाच वारले. आई जवाहिऱ्यांच्या व्यवसायात होती. मायलेकींचं बिऱ्हाड एका शहरातून दुसऱ्या शहरात हलत राहिलं आणि शेवटी लॉस एंजेलिसला स्थिरावलं. 'अ‍ॅन सॅवेज' हे पडद्यासाठी घेतलेलं नाव.

ती सिनेमात कशी आली?

नाटकाच्या वाटेने. जर्मन रंगभूमीवरचे दिग्गज दिग्दर्शक माक्स राइनहार्ट नाझी राजवटीमुळे देश सोडून अमेरिकेला आले होते आणि हॉलिवूडमध्ये त्यांनी अभिनयाची कार्यशाळा चालवली होती. अ‍ॅन तिथे शिकली. कार्यशाळेतल्या एका नाटकात तिचं काम पाहिलं गेलं आणि कोलंबिया पिक्चर्सने तिला करारावर घेतलं. कार्यशाळेचे व्यवस्थापक बर्ट डार्मंड तिचे एजंट झाले आणि पुढे तिसरे पती.

या शिक्षणाकडे सहसा दुर्लक्ष होतं. व्हेराचा आवाज, शब्दांवरचा तिचा घाव, वाक्य मध्येच तोडून पुन्हा उसळण्याची तिची रीत हे सगळं आपोआप आलेलं नाही. राइनहार्टच्या परंपरेत नट आवाज आणि शरीर दोन्ही पणाला लावून काम करतो. 'डीटूर'चा दिग्दर्शक एडगर उल्मर हासुद्धा त्याच मध्य युरोपीय नाट्य-चित्रपट जगातून आलेला. दोघांची भाषा जुळली यात मला नवल वाटत नाही.

कोलंबिया पिक्चर्समध्ये तिला कोणती कामं मिळाली?

भरपूर, आणि जवळजवळ सगळी एकाच साच्यातली. एकट्या १९४३ सालात ती अनेक चित्रपटांत दिसते. 'लोन वुल्फ', 'बॉस्टन ब्लॅकी', 'ब्लाँडी' अशा त्या वेळच्या लोकप्रिय मालिका होत्या. त्यांत एखादी सुंदर, थोडी संशयास्पद तरुणी लागे आणि ते काम अ‍ॅनकडे येई. 'क्लोंडाइक केट' (१९४३) मध्ये मात्र ती मुख्य भूमिकेत होती. सोन्याच्या शोधात कॅनडाच्या उत्तरेकडे लोटलेल्या गर्दीच्या दिवसांतली एक खरीखुरी नर्तकी, तिच्यावर आधारलेला हा चित्रपट. दिग्दर्शक विल्यम कॅसल, नायक टॉम नील. युद्धाचा काळ असल्याने सैनिकांसाठी छापल्या जाणाऱ्या मोहक छायाचित्रांतही ती झळकली.

'बी' चित्रपट म्हणजे दुय्यम दर्जाचा चित्रपट का?

मुळात हा दर्जाचा शब्द नव्हता, कार्यक्रमपत्रिकेचा होता. तीस-चाळीसच्या दशकांत अमेरिकेतल्या थिएटरांत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. पहिला मोठा, मोठ्या नटांचा. दुसरा त्याला जोड म्हणून, साधारण तासाभराचा. पहिल्यासाठी थिएटरमालक स्टुडिओला गल्ल्यातला वाटा देई, दुसऱ्यासाठी ठरावीक भाडं. म्हणजे 'बी' चित्रपट कितीही चांगला झाला तरी निर्मात्याचं उत्पन्न फारसं वाढत नसे. मग तो खर्च कमी ठेवूनच नफा काढणार. उरलेले सेट वापरायचे, एकदोन टेकमध्ये दृश्य संपवायचं, कलाकार कराराने बांधलेले घ्यायचे.

कोलंबियासारखे स्टुडिओ दोन्ही प्रकार काढत. त्यांच्याही खाली छोट्या कंपन्यांची एक रांग होती, तिला 'पॉव्हर्टी रो' म्हणत. तिथली एक कंपनी म्हणजे प्रोड्यूसर्स रिलीजिंग कॉर्पोरेशन, थोडक्यात पीआरसी. 'डीटूर' तिचाच.

या पद्धतीचा एक फायदा होता. मोठ्या चित्रपटावर दहा साहेबांची नजर असे, नायिकेचे केस कसे असावेत इथपासून. पीआरसीत कुणाला तेवढा वेळच नव्हता. वेळेत आणि पैशांत बसलं की दिग्दर्शकाला मोकळीक. व्हेरासारखी बाई त्या मोकळ्या जागेतच जन्माला येऊ शकत होती.

'डीटूर'ची गोष्ट काय आहे?

ज्यांनी पाहिला नाही आणि पाहणार आहेत त्यांनी हे उत्तर आणि पुढचं एक उत्तर सोडून द्यावं.

अल रॉबर्ट्स (टॉम नील) न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबात पियानो वाजवतो. त्याची प्रेयसी गायिका म्हणून नशीब काढायला हॉलिवूडला गेली आहे. खिशात पैसे नाहीत, म्हणून तो वाटेत मिळेल त्या गाडीला हात करत देशाच्या या टोकाहून त्या टोकाला निघतो. हॅस्केल नावाचा एक माणूस त्याला गाडीत घेतो. हाताला नखांचे ओरखडे. वाटेत एका मुलीला गाडीत घेतलं होतं, तिने हे केलं, असं तो सांगतो. रात्री पाऊस येतो. गाडी चालवणारा अल छत ओढायला थांबतो, दुसरीकडचं दार उघडतो आणि हॅस्केल बाहेर कोसळतो. डोकं दगडावर आपटतं. माणूस मेलेला. आपण मारलं नाही यावर पोलीस विश्वास ठेवणार नाहीत, या भीतीने अल प्रेत झाडीत लपवतो आणि त्याचे कपडे, पैसे, कागदपत्रं, गाडी सगळं घेऊन पुढे जातो. तो आता हॅस्केल झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपापाशी एक मुलगी गाडीची वाट बघत उभी असते. अल तिला बसवून घेतो. तीच व्हेरा. ओरखडे तिनेच काढलेले.

व्हेराच्या भूमिकेत एवढं काय आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर लांबणार.

चित्रपट जवळजवळ निम्मा सरल्यावर ती येते. गाडीत बसल्यावर आधी फार बोलत नाही. डोकं टेकवून डोळे मिटते. अल तिच्याकडे बघत मनाशी तिच्याविषयी काही बऱ्या कल्पना करू लागतो. आणि मग ती झटक्यात उठून त्याच्याकडे वळते आणि विचारते की या गाडीच्या मालकाचं प्रेत कुठे टाकलंस. त्या एका हालचालीत चित्रपटाची मालकी बदलते. तोवर गोष्ट अलची होती, यापुढे ती व्हेराची.

त्या काळच्या रहस्यपटांत घातकी स्त्री असायचीच. पण ती मोहात पाडायची. रेशमी कपडे, मंद प्रकाश, गोड बोलणं आणि पुरुष जाळ्यात. व्हेरा मोहात पाडायचा प्रयत्नच करत नाही. तिच्या हातात माहिती आहे आणि ती तिचा वापर करते, सरळ, मोठ्याने, एका क्षणाचीही उसंत न देता. गाडी विकायची, पैसे माझे, तू माझ्या नजरेआड जायचं नाहीस. मेलेल्या हॅस्केलचे वडील मरणपंथाला लागल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचताच ती अलला मुलगा म्हणून वारसा लाटायला पाठवण्याचा बेत करते. सॅवेज हे सगळं इतक्या वेगात बोलते की समोरच्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. उल्मरने चुटक्या वाजवून तिच्याकडून संवादांचा वेग वाढवून घेतला होता, असं तिने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. केस फार चांगले दिसतात म्हणून त्यांना कोल्डक्रीम चोपडून मळकट, चिकट करायला लावले, हेही तिनेच सांगितलेलं. रस्त्यावर दिवस काढलेली मुलगी रस्त्यावर दिवस काढल्यासारखीच दिसली पाहिजे, एवढा साधा विचार. १९४५ च्या हॉलिवूडमध्ये नायिकेच्या बाबतीत हा विचार कुणी करत नसे.

नुसत्या कर्कशपणावर ही भूमिका थांबली असती तर ती लक्षात राहिली नसती. भाड्याच्या खोलीत दोघं अडकलेली असताना, दारू पोटात गेल्यावर, व्हेरा अलच्या खांद्यावर हात ठेवते. आवाज खाली आलेला. तो हात झटकतो, थंडपणे. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे येतं ते पाहा. आणि त्या क्षणानंतर पुन्हा चढणारा राग पाहा; आता त्यात अपमान मिसळलेला असतो. तिला खोकला आहे आणि आपल्यापुढे फार दिवस नाहीत हे तिला ठाऊक आहे. ते ती जवळजवळ तुच्छतेने बोलून टाकते. सॅवेज इथे सहानुभूती मागत नाही. डोळ्यांत पाणी आणत नाही, आवाज कापरा करत नाही. प्रेक्षकाने आपल्यावर प्रेम करावं ही नटाची जुनी भूक तिने पूर्ण बाजूला ठेवली आहे, आणि माझ्या मते तिचं मोठेपण इथे आहे. व्हेराची कीव आली तर ती आपल्याला आपली आपण येते.

मग भांडण. ती टेलिफोन घेऊन आतल्या खोलीत जाते, पोलिसांना सांगण्याची धमकी देते, दार लावून घेते. दाराखालून गेलेली वायर अल बाहेरून ओढतो, तोडण्यासाठी. आत ती वायर नशेत पडलेल्या व्हेराच्या गळ्याभोवती गुंडाळली गेली आहे. दार फोडल्यावर कॅमेरा खोलीतल्या एकेका वस्तूवर जातो, दृश्य धूसर होतं, स्पष्ट होतं, पुन्हा धूसर. सॅवेज तिथे नुसती निपचित पडलेली आहे, आणि एवढा वेळ तिच्या आवाजाने भरलेली खोली एकदम रिकामी वाटते.

हा चित्रपट खरोखर सहा दिवसांत आणि वीस हजार डॉलरमध्ये झाला का?

नाही. ही दंतकथा आहे. सहा दिवसांची गोष्ट खुद्द उल्मरने म्हातारपणी एका मुलाखतीत सांगितली आणि ती सगळीकडे पसरली. पण उल्मरच्या मुलीने २००४ च्या एका माहितीपटात पटकथेचं पहिलं पान दाखवलं. त्यावर १४ ते २९ जून १९४५ या तारखा आणि चित्रीकरणाचे १४ दिवस अशी नोंद आहे. सॅवेजचा करार सहा दिवसांच्या तीन आठवड्यांचा होता आणि तिच्या आठवणीप्रमाणे काम त्याहूनही लांबलं. कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरजवळच्या वाळवंटातलं बाह्यचित्रण वेगळंच. अभ्यासकांनी जुने हिशेब काढले तेव्हा खर्चही लाख डॉलरच्या आसपास निघाला.

तेवढे पैसे त्या काळीही मोठ्या चित्रपटाच्या मानाने किरकोळच होते. काटकसर पडद्यावर दिसते: न्यूयॉर्कचा रस्ता दाखवायला धुकं आणि एक दिव्याचा खांब, गाडीतली बरीच दृश्यं स्टुडिओत, मागे पडद्यावर पळणारा रस्ता. पण दंतकथेमुळे अन्याय होतो तो सॅवेजवर. सहा दिवसांत झालं म्हटलं की तिचं काम घाईत लागलेला नेम वाटू लागतं. ते तसं नव्हतं. ती तयारीची नटी होती.

हात करून गाडी थांबवण्याच्या दृश्यात काही चूक आहे, असं म्हणतात. ती कोणती?

भारतातल्या प्रेक्षकाला ती सहज दिसणार नाही, कारण आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूनेच चालतात. अमेरिकेत त्या उजव्या बाजूने चालतात, पण अल गाड्या थांबवतो त्या दृश्यांत त्या डावीकडून धावतात आणि चालक उजवीकडे बसलेला दिसतो. फिल्म उलटी करून छापली आहे. नकाशावर न्यूयॉर्क उजवीकडे आणि कॅलिफोर्निया डावीकडे, म्हणून पडद्यावरचा प्रवासही उजवीकडून डावीकडे व्हावा, असा हिशेब त्यामागे सांगितला जातो.

टॉम नील आणि तिचं नातं कसं होतं?

पडद्याबाहेर सख्य नव्हतं. कोलंबियात ती दोघं अनेकदा एकत्र आली होती आणि 'क्लोंडाइक केट'च्या वेळी त्याने केलेल्या अंगचटीबद्दल तिने त्याला मुस्कटात दिली, असं ती सांगत असे. 'डीटूर'मधल्या परस्परांविषयीच्या तिटकाऱ्याला त्यातून थोडं बळ मिळालं असेलही.

नीलचं पुढचं आयुष्य चित्रपटाहून काळं निघालं. १९५१ मध्ये अभिनेत्री बार्बरा पेटनवरून त्याने अभिनेता फ्रँचॉट टोनला इतकं मारलं की टोनला रुग्णालयात न्यावं लागलं, आणि नीलला हॉलिवूडने जवळजवळ दूर लोटलं. १९६५ मध्ये त्याच्या पत्नीचा गोळी लागून मृत्यू झाला. सदोष मनुष्यवधाबद्दल तो तुरुंगात गेला, १९७१ च्या अखेरीस सुटला आणि १९७२ मध्ये वारला. त्याच्या मुलाने १९९२ च्या 'डीटूर'च्या नव्या आवृत्तीत वडिलांचीच भूमिका केली.

एवढं काम करून ती मोठी तारका का झाली नाही?

कारण त्या वेळी ते काम ज्यांनी पाहायला हवं होतं त्यांनी पाहिलंच नाही. मोठ्या स्टुडिओचे लोक पीआरसीचे चित्रपट बघायला जात नसत. त्याच वर्षी पीआरसीच्याच 'अपॉलॉजी फॉर मर्डर'मध्ये तिने नवऱ्याचा काटा काढणारी बाई रंगवली. त्याची गोष्ट पॅरामाउंट स्टुडिओच्या 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) या गाजलेल्या रहस्यपटाशी इतकी जुळत होती की पॅरामाउंटने कायदेशीर हरकत घेतली. म्हणजे तिथेही तिच्या कामाची चर्चा होण्याआधी वादाचीच झाली.

दुसरं कारण तिच्या चेहऱ्यात आणि आवाजात होतं. युद्ध संपल्यावर नायिका म्हणून घरी वाट बघणारी, सोशिक मुलगी हवी होती. सॅवेजच्या अंगात सोशिकपणा नव्हता. 'रेनेगेड गर्ल' (१९४६) हा यादवी युद्धाच्या काळातला छोटा वेस्टर्न तिच्या भोवती रचला होता, पण तोही लहान कंपनीचाच. मग 'सिस्को किड' या मालिकेतला एक, 'जंगल जिम' या मालिकेतला एक असं करत करत भूमिका आकसत गेल्या. १९५३ च्या 'वुमन दे ऑलमोस्ट लिंच्ड'मध्ये ती आहे, पण छोट्या कामात. टेलिव्हिजन आलं, जोड-चित्रपटांची पद्धत मोडली, आणि तिच्यासारख्या शेकडो कलाकारांचा रोजगारच संपला.

चित्रपट सोडल्यावर तिने काय केलं?

पन्नासच्या दशकात पतीबरोबर न्यूयॉर्कला गेली. १९६९ मध्ये बर्ट डार्मंड वारले. त्यानंतर ती लॉस एंजेलिसला परतली, कार्यालयीन कामं शिकली आणि वकिलांच्या कार्यालयात नोकरी करू लागली. विमान चालवायलाही शिकली, परवाना मिळवला. अयशस्वी अभिनेत्रीचं करुण उत्तरायुष्य अशी गोष्ट लिहिणाऱ्यांना आवडते. तिच्या बाबतीत ती लागू पडत नाही. तिने पोट भरलं आणि आकाशातही उडाली.

'डीटूर' पुन्हा कसा सापडला?

हक्क सांगणारं कुणी उरलं नाही, म्हणून. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात २८ वर्षांनी स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करावं लागे. पीआरसी तर १९४७ मध्येच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. नूतनीकरण झालं नाही आणि चित्रपट सगळ्यांचा झाला. टीव्हीवाल्यांनी रात्री-अपरात्री दाखवला, पुढे व्हिडिओ कॅसेटवाल्यांनी स्वस्तात विकला. प्रती भयंकर होत्या: ओरबाडलेल्या, तुकडे गळालेल्या, आवाज फुटलेल्या. तरीही ज्याने पाहिला त्याने दुसऱ्याला सांगितलं. फ्रेंच समीक्षकांनी उल्मरला आधीच डोक्यावर घेतलं होतं.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'डीटूर'ला राष्ट्रीय चित्रपट-यादीत स्थान दिलं. या यादीत वर्षाला २५ चित्रपट घेतात, जपून ठेवण्याजोगे म्हणून. सॅवेज तेव्हा हयात होती. प्रदर्शनांना, महोत्सवांना तिला बोलावणी येऊ लागली, आणि चित्रपट निघाला तेव्हा जन्मलीही नव्हती अशी तरुण मंडळी तिच्याभोवती जमू लागली. २००७ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने चित्रपटांतल्या गाजलेल्या खलभूमिकांत व्हेराची गणना केली.

तिची शेवटची भूमिका कोणती?

मधल्या काळात १९८६ च्या 'फायर विथ फायर'मध्ये ती एका ख्रिस्ती जोगिणीच्या (ननच्या) छोट्या भूमिकेत दिसली. पण खरं पुनरागमन 'माय विनिपेग' (२००७). कॅनडाचा दिग्दर्शक गाय मॅडिन आपल्या गावावर, अर्ध्या खऱ्या आणि अर्ध्या स्वप्नातल्या आठवणींचा चित्रपट करत होता. लहानपणीचं घर भाड्याने घ्यायचं आणि नटांकडून जुने घरगुती प्रसंग पुन्हा करवून घ्यायचे, अशी त्याची कल्पना. त्यातल्या आईसाठी त्याने अ‍ॅन सॅवेजला बोलावलं. वय ८६. मुलीने उशिरा घरी येण्याचं कारण सांगावं आणि आईने एकेक शब्द उलटा करून तिची उलटतपासणी घ्यावी, असा एक प्रसंग त्यात आहे. साठ वर्षांनंतरही आवाजाची ती धार तशीच. टोरांटोच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कॅनेडियन चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

तिचं निधन कधी झालं?

२५ डिसेंबर २००८ रोजी, हॉलिवूडमध्ये. पक्षाघाताच्या झटक्यांनंतर प्रकृती ढासळली होती. वय ८७.

सुरुवात कुठून करावी? कोणती प्रत पाहावी?

'डीटूर'पासूनच, आणि शक्य असेल तर २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या पुनर्निर्मित आवृत्तीतून. अकॅडमी फिल्म आर्काइव्ह आणि फिल्म फाउंडेशन यांनी बेल्जियम, पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या मदतीने ती तयार केली. नेटवर फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रतींत सॅवेजचे डोळे नीट दिसत नाहीत, आणि तिचं निम्मं काम डोळ्यांत आहे. चित्रपट सत्तर मिनिटांच्याही आत संपतो, तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून सलग पाहा.

त्यानंतर 'अपॉलॉजी फॉर मर्डर' पाहा, म्हणजे घातकी स्त्रीची ठरलेली भूमिका आणि व्हेरा यांतला फरक कळेल. मग 'मिडनाइट मॅनहंट' (१९४५): तो मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात घडतो, आणि त्यात ती बातमीमागे धावणारी वार्ताहर आहे. चित्रपट साधाच, पण तिला हसताना, टोमणे मारताना पाहण्यात मजा आहे. 'माय विनिपेग' सगळ्यात शेवटी ठेवा.